पाऊण इंच जास्त

आप्पा, साहेबांच्या काठीबद्दल मी तुमच्याशी खोटं बोलले होते. एकदा नाही, दोन वर्षं बोलत राहिले. हे पत्र कुठल्याच पत्त्यावर जायचं नाही, तेव्हा आता तरी खरं लिहिते.

पिंपरीच्या कंपनीत मी टायपिस्ट म्हणून लागले आणि वर्षभरानं साहेबांनी मला कायम केलं, त्याचा आनंद माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त. त्याच सुमारास साहेबांचा पाय मोडला आणि ते काठी घेऊन चालायला लागले. त्यांना चांगली काठी करून द्यायची, हे तुमच्या मनानं घेतलं. त्यांच्या जुन्या काठीचं माप मी ऑफिसच्या फूटपट्टीनं घेऊन आले: छत्तीस इंच. तुम्ही माळ्यावरून अंजनाच्या लाकडाचा तो दांडा काढलात, खानदेशातून आणून कितीतरी वर्षं जपलेला, पाण्यात टाकला तर दगडासारखा तळाला जाणारा. मूठ शिसवाची. कासारवाडीच्या आपल्या दोन खोल्यांत पंधरा दिवस भुसाच भुसा; आई म्हणायची, भाकरीतपण लाकूड लागतंय. रंध्याचं पातं सारखं बोथट व्हायचं. 'असलं लाकूड घाईनं ऐकत न्हाई,' असं म्हणत तुम्ही पुन्हा पातं घासायला बसायचात. तेल पाजल्यावर काठी अशी काळीभोर झाली की आईनं आधी हात पुसले, मग ती हातात घेतली.

ऑफिसात साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, 'कुठून आणलीस गं एवढी सुंदर?' शेजारच्या टेबलांवरच्या मुलींना मी सांगून ठेवलं होतं, वडील इंजिनिअरिंगमध्ये आहेत. ते भोसरीच्या फाउंड्रीत सुतार आहेत, ओतकामासाठी लाकडी नमुने करतात, हे सांगायला माझी जीभ रेटेना. 'कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून,' मी म्हणाले. घरी तुम्ही विचारलंत, 'आमच्या आप्पांनी केली, असं सांगितलंस न्हवं?' मी हो म्हणाले. त्या संध्याकाळी तुम्ही तीनदा चहा मागितलात.

महिनाभरानं तुम्हीच डोक्याला हात लावलात. काठी मोजताना तुमच्या हातात फाउंड्रीची पट्टी आली होती. ओतलेलं पोलाद थंड होताना आटतं, म्हणून त्या पट्टीवरचा इंच खऱ्या इंचापेक्षा जरा मोठाच असतो. तीन फुटांत पाऊण इंचाचा फरक. 'लाकूड काय आटतंय व्हय?' तुम्ही स्वतःवरच चिडलात. 'पंधरा वर्सं तीच पट्टी हातात, डोळाबी तसाच झाला. एकदा आण गं ती काठी. टोक कापून लगेच देतो. त्यांचा खांदा दुखंल.' मी म्हणायचे, आणते. मग म्हणायचे, साहेब दौऱ्यावर आहेत, साहेब विसरले. तुम्ही काम सोडून घरी बसलात, तरी मी चपला काढायच्या आत तुमची नजर माझ्या हातांकडे जायची. काठी मागायची, तर ती कुणी केली हे सांगावं लागणार होतं.

एक दिवस साहेबांनीच मला आत बोलावलं. 'काठी उत्तम आहे, पण जरा उंच वाटते. खांदा उचलला जातो. तुझ्या त्या कारागिराला दाखवू या का? मीच येतो कॅम्पात.' आता चोरी उघडी पडणार होती. तेव्हाही सांगता आलं असतं. मी म्हणाले, 'ते वारले, सर.'

साहेबांनी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. 'मग राहू दे,' ते म्हणाले, 'त्या हाताच्या कामाला दुसऱ्याची करवत नको.' आणि तशीच वापरत राहिले, खांदा वर करून. मी घरी आले तेव्हा तुम्ही दारात बसून करवतीचे दात कानशीनं घासत होतात. मला तुमच्याकडे बघवेना.

पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. रजेच्या अर्जावर मी 'वडील वारले' असं टाइप केलं. साहेबांनी सही केली, दोन शब्द धीराचे बोलले. कोण वारलं, ते त्यांना कधीच कळलं नाही. दुःख होतंच, आप्पा. पण ते शब्द कागदावर उमटले तेव्हा आधी मनात आलं, सुटले बाई, आता ते खोटं राहिलं नाही.