बरणीतला निरुपद्रवी

५ मार्च
मनगट नुसतं पेटलंय! नव्या टाकीत पाणी भरताना तो समुद्री काटेकिडा निसटता लागला. कापसासारखे पांढरे काटे, दिसायला गरीब गाय. काटे पोकळ, आत विष, कातडीतच मोडतात. चिकटपट्टी लावून उपटले, तरी आग जाईना.
आई म्हणे, "मत्स्यालयात नोकरी, आणि किडा चावतो तुला?" चावला नाही गं, टोचला!
टाकीवर पाटी — 'निरुपद्रवी. मुलांनो, हात लावून बघा!' रविवारी उघडणार.

६ मार्च
संचालकांना मनगट दाखवलं. "तुम्हाला ॲलर्जी असेल. सरांनीच ही प्रजाती शोधलीय. गुळगुळीत काटे, विष नाही. तुम्ही बरण्या पुसणाऱ्या, सरांना शिकवणार?"
हो, शिकवणार! सर, मत्स्यालयाचे जुने शास्त्रज्ञ, निवृत्त झाले तरी इथे त्यांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. त्यांनी लिहून दिलं तरच टाकी बंद होईल म्हणे.

७ मार्च
सरांनी ज्या मेलेल्या किड्यावरून प्रजाती ठरवली, त्याची मूळ बरणी काढली. सूक्ष्मदर्शकाखाली काटे खरंच गुळगुळीत. माझं तोंडच उतरलं.
पण डोक्यावरचा मांसल तुरा टाकीतल्या किड्यासारखाच, घडी न् घडी. मग काटेच वेगळे कसे? बरणीत लिटमस बुडवला — लालभडक! नमुना टिकवायचं फॉर्मॅलिन जुनं झालं की आम्ल होतं, आणि काटे चुन्याचे. काट्यांवर दाते असलेच तर विरघळून गेलेत! जिवंत किड्याचा काटा पाहिला : कडेला करवतीसारखे उलटे दाते. किडा एकच, नेहमीचा विषारी. सरांची 'निरुपद्रवी' प्रजाती फॉर्मॅलिनने केलीय.

८ मार्च
सरांच्या घरी गेले. दार अर्धंच उघडलं. लिटमसची पट्टी, काट्यांचे फोटो, सगळं हातात दिलं.
"बाई, मी हे संशोधन केलं तेव्हा तुम्ही शेंबूड पुसत होता."
पुसत होते, सर. पण आज मनगट माझं भाजलंय.
दार बंद. जिन्यातच रडू फुटलं. फार राग आला, त्यांचा आणि माझ्या रडण्याचाही. उद्यापासून टाकीसमोर खुर्ची टाकून बसणार. काढा नोकरीवरून! कुणाच्या पोराचा हात त्या पाण्यात जाऊ देणार नाही म्हणजे नाही.

९ मार्च, रविवार
बसले. संचालक — "तमाशा करताय." करतेय!
दुपारी सर आले. माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. बाही सरसावली, पाण्यात हात घातला, किडा मुठीत धरला. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "काही होत नाही," म्हणाले, हात खिशात घातला आणि गेले. संचालक माझ्याकडे बघून हसले.
सगळ्यांसमोर खोटी पडले. तरी खुर्ची सोडणार नाही.

१० मार्च, सकाळ
संचालकांच्या टेबलावर सरांची चिठ्ठी. 'प्रजाती रद्द समजावी. टाकी बंद ठेवा. बाईंचं बरोबर आहे.'
अक्षर वेडंवाकडं. त्यांच्या सूनबाई चिठ्ठी घेऊन आल्या होत्या, म्हणाल्या, डाव्या हाताने लिहिलंय. उजवा कोपरापर्यंत सुजलाय.