लिमिटेशन्सचं पान

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी ९.
आजपासून रोज लिहिणार. चांगल्या माणसाचं काम कुठंतरी नोंदलं पाह्यजे. आमच्या नालवाडीच्या ऑफिसात तर कोणी नोंदत नाई.
रूपाली मॅडमनं मले नेटच्या राउटरच्या सॉफ्टवेअरचं मॅन्युअल लिहायले दिलं. कंपनी त्याईचीच. चाळीस बिल्ड ऑप्शन आहेत. म्हणजे सॉफ्टवेअर तयार करताना काय काय चालू ठेवता येते, आणि ठेवलं तरी काय जमत नाई, हे सगळं लिहायचं. चौदा तारखेले मॅन्युअल बरोबर निघालं तर डॉक्युमेंटेशन हेड मी. नाई तर अंकिता.
अंकिता म्हणजे टेस्टिंगवाली पोट्टी. नोकरीले लागून दोन वर्षं झाले आणि मले शिकवून राह्यली.

सायंकाळी ६.
अंकिता म्हणे, प्रेमदासभाऊ, लिहायच्या आधी एकेक ऑप्शन लावून बिल्ड करून पाहा. मी काऊन करू? डॉक्टर काय आधी स्वतः गोळी खाऊन पाह्यते?

५ नोव्हेंबर.
तिचं तोंड बंद व्हावं म्हणून बिल्ड करायचं ठरवलं. उद्या. आज लॅपटॉपमध्ये जागा नाई.

६ नोव्हेंबर.
बिल्ड सुरू केला. दोन मिनिटात स्क्रीनवर लाल अक्षरं. सॉफ्टवेअरच भंगार, मी काय करू? बंद केला.
अनुभवी माणसाले ऑप्शनच्या नावावरूनच समजते. दुपारपर्यंत चाळीसही ऑप्शनसमोर ‘उपलब्ध’ लिहून मोकळा. लिमिटेशन्सच्या, म्हणजे काय जमत नाई त्याच्या पानावर एकच ओळ: ‘विशेष काही नाही. अडचण आल्यास फोन करावा.’ खाली अंकिताचा नंबर टाकला. लय शौक आहे ना टेस्टिंगचा.

७ नोव्हेंबर.
मीटिंग. अंकिता भडकली. म्हणे, एक लाइन तुटली की ट्रॅफिक आपोआप दुसऱ्या लाइनवर नेणारा ऑप्शन साध्या बिल्डमध्ये नाईच. वेगळा चालू करा लागते. त्याच्यासमोर ‘उपलब्ध’ काऊन लिहिलं?
मी म्हटलं, पोरगं घोरते असं बायोडाटात कोणी लिहिते का? स्थळ घेऊन जाताना चांगलंच सांगा लागते. बाकी मागून होऊन जाते.
मॅडम हसल्या. म्हणजे पटलं. मग म्हणाल्या, दोघं मिळून दुरुस्त करा, तोवर कोणाले पाठवू नका. हे आपलं अंकिताचं मन राखायले.

१० नोव्हेंबर.
दुरुस्ती केली. कव्हरवर माहं नाव मोठं केलं.
डोमाजीचा कारंजा घाडग्याहून फोन. आमचं सॉफ्टवेअर लावून हायवेवरच्या ढाब्याईले, पेट्रोल पंपाले नेट देते तो. मॅन्युअल मागत होता. दिलं पाठवून. अंकिताले विचारत बसलो असतो तर होळी आली असती.

१२ नोव्हेंबर. रात्री १०.
कारंज्याजवळ जेसीबीनं केबल तोडली. दुसरी लाइन होती, पण ट्रॅफिक तिच्यावर गेलंच नाई. डोमाजीनं साधाच बिल्ड लावलता. चार तास नेट बंद. पंपावर मोबाइलनं पैसे जाईना, ट्रकवाले अडकले, सगळे डोमाजीच्या दारात.
डोमाजीनं फोनवर मले फोकनाड म्हटलं, म्हणजे थापाड्या. म्हणे, तुमचं पुस्तक वाचून मी लोकाले नेट बंद पडणार नाई अशी जबान दिलती. आता ते माह्या घरासमोर, माह्या बायकोसमोर शिव्या देऊन राह्यले.
चूक जेसीबीवाल्याची. पाहून खोदायले काय होते त्याले?
रात्रीचं जेवण गेलं नाई. वांगे खारट होते.

१३ नोव्हेंबर.
अंकिता कालच बसनं कारंज्याले गेलती म्हणे. तिथंच बसून तो ऑप्शन लावून नवा बिल्ड केला. मग स्वतःच्या हातानं एक लाइन काढून पाह्यली. नेट चालू. डोमाजीच्या बायकोनं तिले जेवल्याबिगर सोडलं नाई. असे लोकं असतात, जेवणावर फिरतात.
मी मॅडमसाठी पाच मुद्द्यांचा खुलासा लिहून ठेवला. चार मुद्दे जेसीबीवर आहेत. दिवसभर खुर्चीत तयार बसलो. कोणी विचारलं नाई.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.
हेड अंकिता. मले वाटलंच होतं, या ऑफिसात माणसाची पारखच नाई.
तिनं नवं मॅन्युअल काढलं. लिमिटेशन्सचेच अकरा पानं! मॅडम म्हणाल्या, प्रेमदासभाऊ, छापायच्या आधी तुम्ही चुका काढा. मी लाल पेन घेऊन बसलो. आता दाखवतोच म्हटलं.
पहिलीच नोंद: ‘जुने मॅन्युअल, लेखक प्रेमदास, एकदाही बिल्ड न करता लिहिलेले आहे. त्यावर विसंबू नये.’
दहा वाजतापासून सहापर्यंत तेवढ्या दोन वाक्यांवरच बसलो. ‘एकदाही’ खोटं पाडायचं म्हणून दुपारी बिल्ड लावून पाह्यला. लाल अक्षरं आले.
सगळे घरी गेले. पानाच्या खाली ‘तपासले, चूक नाही’ लिहून सही करा लागते. केली.