सहा इंची उपमा

२७ नोव्हेंबर १९६६, रविवार. बोईसर.

दिवाळीची सुटी संपली. उद्यापासून मंदाची शाळा सकाळची. जवळच्या पाम गावी प्राथमिक शाळेत ती बदली शिक्षिका आहे. तिला कायम करायचं की नाही ते हेडमास्तर वर्षअखेरीला ठरवणार. अट एकच, वेळेवर हजर राहायचं. सुलू तिसरीत आणि प्रताप पहिलीत, त्याच शाळेत. म्हणजे तिघांनी साडेसहाच्या आत घर सोडायला हवं.

केळव्याला दिवाळीत आईने सगळ्यांसमोर सुनावलं. पोरं उपाशीपोटी घराबाहेर पडणार असतील तर मंदाने नोकरी सोडावी, नाहीतर पोरं केळव्याला ठेवावीत. मंदाचा चेहरा एवढासा झाला. शाळा मिळाल्यापासून ती घरात गुणगुणते, हे मी पाहिलेलं आहे. मी भर पंगतीत जाहीर केलं की सकाळची न्याहारी हे खातं यापुढे माझ्याकडे. पंगतीत शांतता पसरली. शब्दाला वजन असलं की असं होतं.

मंदा म्हणत होती की घावन घालते, पटकन होतात. तिला समजावलं की घावन ही किरकोळ पद्धत आहे. एक घाला, एक उलटा, एक वाढा. यात प्लॅनिंग कुठे आहे? गजराला किल्ली दिली. उद्या पाचला उठणार.

२८ नोव्हेंबर, सोमवार

पावणेसातला उठलो. घड्याळ पाचला वाजलं होतं म्हणे, मंदाने बंद केलं. मी उठेपर्यंत घावन घालून, मुलांना खाऊ घालून तिघं गेलीसुद्धा. माझे चार झाकून ठेवले होते. खाल्ले, टाकायचे कशाला.

संध्याकाळी स्पष्ट सांगितलं, अशी ढवळाढवळ चालली तर सिस्टिम उभी राहणार कशी? उद्यापासून मी उठल्याशिवाय कोणी स्टोव्हला हात लावायचा नाही. मंदा म्हणाली, मग तुम्ही उठा. टोन आवडला नाही. मुद्दा मात्र बरोबर होता.

२९ नोव्हेंबर, मंगळवार

उठलो. म्हणजे मंदाने तीनदा हलवलं.

मेनू कांदेपोहे. वेळ वाचावा म्हणून पोहे काल संध्याकाळीच भिजत घातले होते. असं आजवर कोणाला सुचलं नाही याचं नवल वाटत होतं. सकाळी पातेल्यात पोहे नव्हतेच, खळ होती. तीच फोडणीला टाकली. मग स्टोव्हची पिन आत मोडली. मी पिन शोधत असताना मंदा दारात वेणी घालत, एक डोळा घड्याळावर ठेवून उभी होती. कोणी असं उभं राहिलं की माझे हात चालत नाहीत.

मुलांनी वाटेत केळी खाल्ली. शाळेत पोचली तेव्हा प्रार्थना संपली होती. हेडमास्तरांनी नुसतं घड्याळाकडे पाहिलं. प्रार्थनेला अजून एक कडवं असतं तर हा प्रश्नच आला नसता.

१ डिसेंबर, गुरुवार

कालची आणि आजची न्याहारी: केळी. ही तात्पुरती व्यवस्था आहे.

दुपारी लॅबमध्ये डोक्यात प्रकाश पडला. इथे अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललंय, त्याच्या काँक्रीट टेस्टिंगमध्ये मी असिस्टंट. दिवसभर आम्ही काय करतो? सहा इंची लोखंडी साच्यात काँक्रीट भरतो, सेट होऊ देतो, पाण्यात मुरवतो आणि मग मशीनखाली ठेवून ताकद बघतो. एकदा ओतलं की काम झालं. आणि घरोघरच्या बायका रोज सकाळी नव्याने कालवत बसतात.

न्याहारी रविवारी ओतायची. आठवडाभर नुसती कापून द्यायची. प्रीकास्ट.

आत्मारामला सांगितलं. तो माझ्याच टेबलावर असतो. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. नवीन कल्पनेला लोक आधी हसतातच. पण भंगारात काढलेले तीन साचे त्यानेच शोधून दिले.

४ डिसेंबर, रविवार

ओतकाम पार पडलं.

साचे सोड्याने घासले. जुन्या ग्रीसचा वास थोडा राहिला, तो फोडणीत जाईल. उपम्याचं मिश्रण लॅबच्या प्रमाणात, एकास दोन आणि चार. बेसन एक भाग, ते सिमेंटच्या जागी. रवा दोन भाग, वाळूच्या जागी. तांदळाच्या कण्या चार भाग, त्या खडीच्या जागी. महिन्याचा रवा संपला, पण हे भांडवली काम आहे. साच्यांना आतून खोबरेल चोपडलं. उपमा शिजवून त्याचे तीन थर दिले आणि प्रत्येक थर लाटण्याने ठोकून घेतला, मध्ये हवा राहता कामा नये. वरून सुरीने लेव्हल केलं. मग ओलं गोणपाट घातलं.

शेजारच्या मंजुळाबाई ठोकाठोकी ऐकून दारात आल्या. त्यांचा नवरा साइटवर मुकादम आहे, तेव्हा त्यांना तरी कळेल असं वाटलं. त्यांनी गोणपाट उचलून पाहिलं आणि मंदाला विचारलं, भाऊंना बरं नाय काय. मी समजावून सांगितलं. त्या हो हो म्हणत घरी गेल्या. मग बराच वेळ भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज येत होता. मुकादमाने काहीतरी विनोद केला असावा.

मंदाने विचारलं, रात्रीचा स्वयंपाक कुठे करू, ओट्यावर साचे आहेत. सगळ्याचा विचार मीच करायचा का?

५ डिसेंबर, सोमवार

ताकद अपेक्षेपेक्षा जास्त आली. साच्याचे बोल्ट काढले तरी उपमा सुटेना. हातोडी लागली. नंतर छिन्नी. कोपरे मात्र काटकोनात, बघत राहावं असे. सुलूने एक तुकडा खाल्ला आणि दोन तांबे पाणी प्यायली. प्रतापने तुकडा गालात धरला. तो दुसऱ्या तासाला गुरुजींना सापडला.

पोटभरीच्या दृष्टीने शंभर टक्के यश. प्रताप दुपारी जेवलासुद्धा नाही.

शाळेला उशीर झाला. दोष उपम्याचा नाही, छिन्नी बोथट आहे. उद्या लॅबची आणतो.

७ डिसेंबर, बुधवार

तिसऱ्या दिवशी गोणपाट उचललं तर घरभर वास. ओल दिली की काँक्रीट पक्कं होतं, उपमा आंबतो. हा फरक कोणत्याही पुस्तकात दिलेला नाही. मला वास नवीन पदार्थाचा वाटला, मी उपमा वाढला. प्रतापला ओकाऱ्या. मंदाला दांडी मारावी लागली. दुपारी ती शाळेत निरोप द्यायला गेली तेव्हा हेडमास्तर म्हणाले की आणखी एकदा उशीर झाला तर कायम करण्याची शिफारस मला लिहिता येणार नाही.

ती परत आली आणि प्रतापला मांडीवर घेऊन बसली. रडली नाही. रडली असती तर मी समजूत काढली असती. साचे उचलून तिने मागच्या दारी न्हाणीपाशी ठेवले. मी विचारलं, रागावलीस का. तिने साध्या आवाजात विचारलं, तुम्हाला ही शाळा माझ्यासाठी टिकवायची आहे, की तुमचा शब्द टिकवायचा आहे?

दोन्ही, असं मी म्हणालो. उत्तर देऊन झाल्यावर जरा अस्वस्थ वाटलं. पित्त असावं.

८ डिसेंबर, गुरुवार

सिस्टिम नंबर दोन. सातू. भाजकं पीठ, गूळ आणि दूध, वाटीत कालवलं की झालं. स्टोव्ह नको, साचे नकोत. पीठ मीच भाजलं. रंग जरा गडद आला. गडद म्हणजे पौष्टिक.

मंदाने या वेळी काहीच हरकत घेतली नाही. उलट म्हणाली, तुम्ही सातू करा, मी मुलांचं आवरते. संसारात एकमेकांवर विश्वास लागतो.

१० डिसेंबर, शनिवार

विजय. तिघं सहा वीसला घराबाहेर, काल आणि आज दोन्ही दिवस. वाट्या रिकाम्या. मुलं वाट्या घेऊन मागच्या दारी जातात, मोकळ्या हवेत खातात आणि चाटूनपुसून आणतात. आपलं अन्न कोणी इतकं मन लावून खाल्लेलं पाहिलं की भरून येतं.

मंजुळाबाईंचा मोत्या हल्ली आमच्या मागच्या दारीच असतो. कुत्र्याला माणसं कळतात.

१४ डिसेंबर, बुधवार

अजून एकदाही उशीर नाही. मुलांच्या गालांवर तकाकी आली आहे. दोघं हल्ली आपणहून पहाटे उठतात आणि दात घासायला मंजुळाबाईंच्या विहिरीवर जातात, तिथलं पाणी गोड आहे म्हणे. शिस्त अशी आपोआप लागते. आज प्रतापच्या बोटांना जवळ्याच्या चटणीचा वास येत होता. खाऱ्या वाऱ्याने होतं असं.

हेडमास्तर मंदाशी नीट बोलू लागले आहेत. ती कपडे वाळत घालताना गुणगुणत होती. मी तिला म्हणालो, बघ, शेवटी कोणाची सिस्टिम. ती हसली आणि चिमटे शोधायला आत गेली. चिमटे तिच्या हातातच होते.

केळव्याला आईला निरोप धाडला. ये आणि आपल्या डोळ्यांनी बघ.

१८ डिसेंबर, रविवार

आई आली. नारळ, केळी, सुरण आणि संशय घेऊन. आल्याआल्या सातूचा डबा उघडला, चिमूट तोंडात टाकली आणि खिडकीतून बाहेर गेली. म्हणजे चिमूट गेली, आई आतच होती. मी म्हणालो, उद्या सकाळी निकाल दिसेल.

१९ डिसेंबर, सोमवार. संध्याकाळ.

झालं ते असं.

सकाळी मी दोन वाट्या कालवल्या. मुलं नेहमीसारखी वाट्या घेऊन मागच्या दारी. मी आईला म्हणालो, आता पाच मिनिटांत वाट्या रिकाम्या. आई उठली आणि त्यांच्या मागोमाग गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मीही गेलो.

सातू मोत्या खात होता. आमची दोन्ही मुलं मंजुळाबाईंच्या पायरीवर बसून तांदळाची गरम भाकरी आणि जवळ्याची चटणी खात होती. त्यांची मुलगी चिमी मांडीवर पाटी घेऊन मधे बसली होती. आणि आई? आई चौथ्या जागेवर बसून भाकरी खात होती.

मग सगळं बाहेर आलं. मंदा रोज संध्याकाळी तांदळाचं पीठ मंजुळाबाईंकडे पोचवते. त्या पहाटे मुकादमासाठी भाकऱ्या थापतातच, त्यात दोन जास्त. मोबदल्यात मंदा चिमीला लिहायला शिकवते. म्हणजे माझ्या खात्यातलं काम मला न विचारता परस्पर सब-कॉन्ट्रॅक्टवर दिलं. मी तसं बोलूनही दाखवलं.

मंजुळाबाई तव्यावरून नजर न उचलता म्हणाल्या, "भाऊ, आमी तुमचं नाव कुठं घालवलं? पोरं भुकी जाता नाय, बाईची शाला चुकत नाय. सातू तुमी करा की, मोत्याला आवडतं."

मी आईकडे पाहिलं. निदान आई तरी माझ्या बाजूने बोलेल, सून नोकरी करते हे तिला पहिल्यापासून पसंत नव्हतं. मंदा आवाज ऐकून मागच्या दारात आली होती आणि तीही आईकडेच बघत होती. आता आई म्हणणार, पोरं केळव्याला. आईने भाकरी संपवली, हात धुतले, तोंड पुसलं.

"मंदा, तुझी शाला चालू राहूं दे. पोरं पण हितंच राहूं देत, त्यांचं बरं चाललंय. कमळ्या, तू कपडे भर. तुला मी केळव्याला नेते."

मंदा पहिल्यांदा रडली, ती तेव्हा. मला वाटलं माझ्या जाण्यामुळे. पण रडताना ती आईच्या पायाशी वाकली होती.

आजच निघायचं असं आई म्हणते. महिनाअखेरपर्यंतच, हेडमास्तर लिहीपर्यंत, आणि तोवर कामावरून घरी डोकावायचंही नाही. मी विरोध केला नाही. केळव्यात माझ्या पद्धतीचा प्रचार झालेला नाही, तिथे गरज आहे.

२२ डिसेंबर, गुरुवार. केळवे.

इथून रोज कामावर जायचं म्हणजे आधी पालघर, तिथून बोईसर. आई चारला उठवते. मी इथल्या न्याहारीबद्दल दोन सूचना केल्या. आईने उलथणं दाखवलं.

आत्माराम विचारत होता, केळव्याला कसं काय. हवापालट, असं सांगितलं.

२८ डिसेंबर, बुधवार. केळवे.

मुलांचा निरोप नाही. कामात असतील.

वाडीत नारळ मोजत बसलो होतो. प्रताप असता तर चुकीचे मोजले असते, आणि मी त्याला रागावलो असतो. त्याला फार दिवसांत रागावलो नाही. करमत नाही, हे कोणाला सांगण्यासारखं नाही म्हणून इथे लिहितो.

१ जानेवारी १९६७, रविवार. केळवे. संध्याकाळ.

मंदाला कायम केलं. मला काल लॅबमध्ये आत्मारामने सांगितलं, त्याला मुकादमाने सांगितलं होतं. आज मुदत संपली, म्हणून सकाळीच बोईसरला गेलो. पेढे नेले. सगळे आनंदात होते. चिमी आता बाराखडी लिहिते. सुलूने मला तिचा नवीन धडा वाचून दाखवला. प्रताप गळ्यात पडला आणि म्हणाला, बाबा, तुम्ही परत कधी जाणार? लहान मुलांना नीट विचारता येत नाही. त्याला म्हणायचं होतं, परत कधी येणार.

मंदाला म्हणालो की नवीन वर्षाचा माझा संकल्प आहे, न्याहारीत मी अजिबात हात घालणार नाही. ती म्हणाली, छान. मग मी सुचवलं, पण देखरेख ठेवीन. सगळ्यांवर एक नजर, बाकी काही नाही. त्यावर तिने ओलं फडकं घेतलं. मुलांच्या पाट्या पुसत राहिली.

मी विचार केला. उद्या सोमवार. नोकरी नुकती कायम झाली आहे, पहिल्याच दिवशी घरात माझ्यामुळे गडबड नको. आणखी आठवडाभर केळव्याला राहणं योग्य. हा निर्णय पूर्णपणे माझा, कोणाच्या दबावाखाली घेतलेला नाही. तसं मंदाला सांगितलं आणि कपडे भरायला आतल्या खोलीत गेलो.

पिशवी भरलेली होती.