घरामागे एक हात

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर नेहमीप्रमाणे हिचं, बोल माझे. वेल्डिंगच्या उजेडाने डोळ्यांची पार वाट लावलीय. लिहायचं आणि वाचायचं काम हिच्याकडेच.

आपला उमेदवार निवडून आला, तरी वसाहतीत कुणी गेल्यासारखी शांतता आहे. तुला आमची पद्धत ठाऊक आहे. मतदानाआधी हॉलमध्ये बैठक होते, दर घरामागे एक हात वर होतो, आणि ठरेल तिथे सगळी वसाहत मत देते. आमच्या केंद्रावर दुसऱ्या बाजूला आजवर मत पडलं नव्हतं. यंदा पडलं. एक! चेअरमननी तो आकडा फाटकाजवळच्या फळ्यावर लिहून ठेवलाय, आणि घरभेदी कोण याचा शोध चाललाय.

सगळे माझ्याकडे बघतात. भिंतीतलं मागचं दार बंद करायचं वचन आपल्या उमेदवाराने दिलं होतं, आणि त्याच दारापलीकडे, कालव्याकाठच्या वस्तीत, माझ्या सासूबाई राहतात. मग काय, जावई फुटला! ठरलेली दोन कामं लोकांनी परत घेतली. ताई, शप्पथ सांगतो, माझा हात वर होता आणि मतही ठरलं तिथेच दिलं. सासूबाई वळसा घालून मोठ्या पुलावरून येतील, तेवढेच पाय मोकळे होतील. हे लिहिताना ही जरा थांबली, पण लिहिलं.

पोरगी शाळेत जाते, मजेत आहे. तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

१४ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी तू थाप मारलीस की तुझे कान लाल व्हायचे. पत्रात कान दिसत नाहीत, तरी माझा तुझ्यावर विश्वास आहे. गुडघ्यांचं विचारू नकोस, ते माझं ऐकत नाहीत.

पण नुसत्या शपथांनी जगाची तोंडं बंद होत नसतात. तू लोखंडाचं काम करतोस ना? मग ते दार तूच बंद कर. फुकट कर, आणि भर दिवसा, चारचौघांदेखत कर. मग बघते कोण घरभेदी म्हणतो ते! पाण्यात राहून माशाशी वैर करायचं नसतं, एवढं आईने आपल्याला शिकवलंय.

हे पत्र तीच वाचून दाखवत असेल. बाई गं, रागावू नकोस. मी तुझ्याच संसाराचं बोलतेय. तुझ्या आईला चार पावलं जास्त पडतील, पण चूल पेटती राहील.

पोरीला गोड पापा. आठवण ठेवा.

तुझी,
ताई

२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा सल्ला लाखमोलाचा निघाला. रविवारी दार बंद केलं. आडवे गज टाकले, वरून जाड पत्रा मारला आणि कडेने सगळं वेल्ड केलं. अख्खी वसाहत बघायला जमली होती. चेअरमननी पाठ थोपटली, आणि लगेच तीन गॅलऱ्यांच्या जाळ्यांचं काम दिलं. आता सगळे हसून बोलतात.

ही बघायला आली नाही. अबोला नाही, पण बोलणंही नाही. निवळेल. तो एक हरामखोर मात्र अजून सापडलेला नाही. माझ्या नावावर बिल फाडून मजा बघत बसला असेल.

असाच आधार देत जा.

तुझा,
धाकटा

२६ जुलै

ती. वन्सं,
शि. सा. न. वि. वि.

आजवर या अक्षरातून यांचं बोलणं तुमच्याकडे यायचं. आज माझं येतंय. यांना माहीत नाही.

माझी आई गेली. मंगळवारी दुपारी तिच्या छातीत कळ आली. दवाखाना भिंतीच्या या बाजूला. शेजाऱ्यांनी तिला खुर्चीत बसवून सवयीने मागच्या दाराशी आणलं. मी भांडी घासत होते. पत्रा वाजत होता, मला वाटलं मुलं चेंडू मारताहेत. मग माझं नाव ऐकू आलं. हे कटर घेऊन धावले, पण वायर पोचेना. कुणी दुसरी वायर आणेपर्यंत पलीकडचे लोक तिला उचलून मोठ्या पुलाकडे निघाले होते. पुलावरच ती गेली.

यांनी डोकं आपटून घेतलं. खोटं कशाला बोलू, त्यांचाही जीव होता तिच्यावर.

वन्सं, ते मत माझं होतं. दार राहावं, आई येत राहावी, एवढंच मनात होतं. आमच्याकडे घरामागे एकच हात मोजतात, आणि तो पुरुषाचा. म्हणून मत फुटलं तेव्हा सगळे पुरुषालाच शोधत सुटले. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. यांची शपथ मीच लिहिली. तुमचा सल्ला मीच मोठ्याने वाचून दाखवला. तेव्हाच मी एक वाक्य बोलले असते तर दार उघडं राहिलं असतं. घाबरले. हे घराबाहेर काढतील असं वाटलं.

तुम्हाला दोष देत नाही, पण एकटीने हे पेलवत नाही म्हणून लिहिलं.

हे अजून त्या माणसाला शोधताहेत. त्याचा आळ यांच्यावर आला म्हणून दार बंद झालं, म्हणजे त्याच्यामुळेच आई गेली, असं म्हणतात. सापडला तर जिवंत सोडणार नाही, असं काल जेवताना म्हणाले. मी त्यांना वाढत होते.

लोभ मागायचं तोंड उरलं नाही. तुम्हाला जमेल तेवढा ठेवा.

तुमची,
भावजय