दुकानाला गिऱ्हाईक मिळालं नाही

कोलोन, शुक्रवार

हट्टी भावा लोथारला, लहानीची लांबूनच मिठी.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. गुडरून वहिनी वाचून दाखवत असेल, तर तिने माझे टोमणे गाळू नयेत.

सुखरूप पोचले. प्रदर्शनात पाच दालनं नव्या कॅमेऱ्यांची, आणि जिन्याखालचा एक कोपरा आपल्या फिल्मवाल्यांचा. तुझ्या दुकानाला, डार्करूमच्या सामानासकट, गिऱ्हाईक शोधायला मी तिथेच गेले.

एक दाढीवाला उजेड आत न जाणाऱ्या काळ्या पिशवीत दोन्ही हात घालून, धुण्याआधी फिल्म चकरीवर कशी चढवायची ते लोकांना शिकवत होता. त्याची स्वतःचीच फिल्म मध्ये अडकली होती. घामाघूम!

मी म्हटलं, "अरे बाबा, पिशवीकडे डोळे फाडून काय बघतोस? मीट ते."

"मग बाई, तुम्हीच दाखवा करून!"

मी डोळे मिटले, बोटाने कड चाचपली आणि तू शिकवलंस तशी हलक्या हाताने सरकवत नेली. अर्ध्या मिनिटात चढली.

"कुणाकडे शिकलात?"

"भावाकडे. त्याला आता नीट दिसत नाही, म्हणून दुकान विकतोय."

"पण याला दिसायला कुठे लागतं?"

लोथार, आपल्या घरात एवढं साधं कुणालाच सुचलं नव्हतं.

तिथे बघत उभ्या असलेल्या सात जणांनी, दाढीवाल्यासकट, नावं दिलीत. पुढच्या शनिवारी ग्योर्लित्झला तुझ्याकडे शिकायला येतील. गिऱ्हाईक मी शोधलंच नाही.

डोळ्यांत थेंब वेळेवर घालतोस ना? दारावरची विक्रीची पाटी उतरव. आणि गुडरूनला म्हणावं, आलुबुखारांचा केक मोठा कर. दाढीवाला खादाड दिसतो.

तुझी आगाऊ बहीण,
रोझविता