उखडलेले तीन पॅड

६ फेब्रुवारी, गुरुवार

तीन पॅड उखडले. माझ्याच हातून.

माई सरवट्यांचा कॉम्प्युटर — १९८६चा, मुलींच्या शाळेतला पहिला. माईंनी तो इंदूरहून बसमध्ये मांडीवर ठेवून आणला होता. मेमरीची एक चिप बदलायची होती, बस. जुनी काढताना उजवा हात थरथरला, सोल्डरिंगचं तापलेलं आयर्न जास्त वेळ टेकून राहिलं. चिपच्या पायांबरोबर बोर्डावरचे तीन पॅड, म्हणजे तांब्याच्या टिकल्याही वर आल्या. आता नवी चिप बसवायची कशावर? सोल्डर धरायला जागाच नाही.

पस्तीस वर्षं हेच दुरुस्तीचं काम केलं. असं कधी झालं नव्हतं.

७ फेब्रुवारी

माईंचा फोन. "प्रसाद, झालं का रे? तेवीसला माझ्या मुली येताहेत." मुली म्हणजे त्यांच्या विद्यार्थिनी — पन्नाशीच्या बाया आता.

म्हणालो, "बोर्ड आतून गंजलाय माई. पॅड आधीच गेलेले होते."

किती सहज बोलून गेलो.

१० फेब्रुवारी, सोमवार

इंदूरच्या डॉक्टरांनी डिसेंबरातच सांगितलंय — पार्किन्सन्स. बायकोला, शैलाला, सांगितलेलं नाही. तिला वाटतं, मी डोळे तपासायला गेलो होतो.

आज एका भंगार बोर्डावर हात बसवून पाहिला. केसाएवढी तार, तिचं टोक तांब्याच्या रेघेवर टेकवायचं. चार वेळा घसरली. पाचव्यांदा आयर्न ठेवून दिलं आणि नुसता बसून राहिलो.

१२ फेब्रुवारी

टावर चौकातून बारीक तार आणली. बोर्डाला हात लावला नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

माधव नगरला गेलो. माईंना सगळं सांगितलं. गंज नव्हता, पॅड मी तोडले. हाताचंही सांगितलं, आणि शैलाला अजून माहीत नाही हेही.

त्या म्हणाल्या, "आणि झूठ बोलताना नाही थरथरला हात?"

उठलो.

दारापर्यंत आल्या. "दुरुस्त होतं की नाही, एवढं सांग."

"होतं. पण माझ्या हातून होईल की नाही, माहीत नाही."

"उद्या येते मी. माझ्यासमोर कर."

१६ फेब्रुवारी, रविवार

माई दहाला आल्या. शैला बहिणीकडे गेली होती, बरंच झालं. समोर खुर्ची ओढून बसल्या, हातात काही नाही, नजर बोर्डावर.

मनगट वाळूच्या पिशवीवर टेकवलं. तुटलेल्या रेघेवरचा हिरवा थर खरवडला, तांबं चमकेपर्यंत. तार तिथे जोडून नव्या चिपच्या पायापर्यंत नेली. पहिली जुळायला पाऊण तास. दुसरी दोनदा सुटली. हात थरथरायला लागला की थांबायचो. त्या "घाई कर" म्हणाल्या नाहीत, "राहू दे" पण नाही.

तिसरी लागली तेव्हा दोन वाजून गेले होते. मीटर लावला — तिन्ही ठिकाणी वाजला, म्हणजे जोड लागले. मशीन चालू केलं. पडदा आधी काळा, मग एका कोपऱ्यात अक्षरं आली.

माईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "मुलींना सांगेन मी. प्रसादने तोडलं, प्रसादनेच जोडलं. दोन्ही सांगेन."

"सांगा," म्हणालो.

रिक्षात बसताना माईंनी विचारलं, "शैलाला कधी सांगणार?"

१७ फेब्रुवारी

आज नाही जमलं. दोनदा तोंड उघडलं, भाजीचं बोललो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी शैलाला सांगून टाकलं. ती उठली, चहा घेऊन आली. कप अर्धाच. मी बघतच राहिलो, तर म्हणाली, "दिवाळीपासून अर्धाच देतेय तुम्हाला. एकाऐवजी दोनदा. सांडत नाही मग."