स्विच पुरत असताना राउटर कशाला

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. देवीच्या गर्दीमुळे टेंभी नाक्याकडे यायला एक रिक्षावाला तयार नाही. चालत हॉस्पिटल गाठलं. तिथली कॉम्प्युटरची सगळी व्यवस्था माझ्याकडे, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी बोलावलेलं. नेटवर्कचं मधलं यंत्र बदलायचंय, राउटिंग स्विच घ्यायचा की मोठा राउटर, दसऱ्यानंतर लेखी शिफारस द्या म्हणाले.

यात विचारायचं काय? चार मजल्यांचं हॉस्पिटल. एक्स-रे तळमजल्यावर काढायचा, तिसऱ्यावर डॉक्टरांनी बघायचा, बिल पहिल्यावर. सर्व्हर माझ्या शेजारच्या खोलीत. सगळी ये-जा आतल्या आत. त्याला स्विचच हवा, तो झपाझप वाटून देतो. राउटर बाहेरच्या वाटेसाठी. बाहेर आपलं आहे काय, इंटरनेट. त्याला जुना राउटर पुरतो.

तसं सांगितलं. "तरी दोन्हीचा विचार करा," म्हणाले. माझ्याकडे न बघता.

२४ सप्टें., बुध.

सामान सचिन देणार. धाकटा दीर, डोंबिवलीत याच मालाचं दुकान. मी नाही आणला त्याला, डॉक्टरांनी परस्पर फोन केला. तरी आडनाव ऐकून अकाउंटच्या नाईकबाई गालात हसल्याच.

संध्याकाळी घरी आला. "वहिनी, राउटर घे. माझं ऐक."

"का पण?"

"अगं, पुढचा विचार कर ना."

पुढचा म्हणजे कसला, विचारलं तर आईंना पोह्यांवर लिंबू मागायला लागला. दहावीचं गणित माझ्याकडे शिकलाय हा. उत्तर आलं की सगळ्या पायऱ्या ऐकवल्याशिवाय सोडायचा नाही. आज नुसतंच उत्तर. मनात पाल चुकचुकली.

२५ सप्टें.

अजितला म्हटलं, तुझा भाऊ नको ते यंत्र माझ्या गळ्यात मारतोय.

"तो तसं नाही करणार," पेपरातून डोकं वर न काढता.

मग कसं करणार? यावर पेपराचं पान उलटलं. आपलेच दात, आपलेच ओठ. पुढे बोलले नाही.

२७ सप्टें., शनि.

कल्याणला जाऊन दुसऱ्या एका दुकानदाराला विचारलं. आपलं नाव-गाव काही सांगितलं नाही. तो लगेच म्हणाला, "सर्व्हर त्याच बिल्डिंगमध्ये ना मॅडम? मग स्विच घ्या बिनधास्त. राउटरला कशाला जाताय? डेटा बाहेर पाठवायचाय का?"

म्हणजे मी चुकत नाहीये. सचिनच मला बनवतोय. घरातला माणूस, वाईट वाटलं. आईंना काही कळू द्यायचं नाही.

१ ऑक्टोबर, बुध.

खंडेनवमी. आमच्याकडे यंत्रांची पूजा वरून सुरू होते. आधी सर्व्हर रूम, डॉक्टर स्वतः रॅकला हळदकुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात, मी ताट धरते. धूर नको म्हणून उदबत्ती दाराबाहेर. मग लॅब, मग एक्स-रे, शेवटी दारातली अँब्युलन्स. यंदाही खोली पुसून, दार उघडं टाकून बसले. कोणी येईना. खालून घंटा ऐकू आली तेव्हा बाहेर गेले. शिपाई पवारमामा जिन्यात, हातात माळांची टोपली.

"मॅडम, साहेब बोलले यंदा वरची पूजा नको. खालच्याच मशिनींची करा."

"का?"

"ते काय बोलले नाय."

एक माळ मागून घेतली, मीच रॅकला घातली. जुनं एक्स-रे मशिन काढायचं ठरलं त्या दसऱ्यालाही त्याला माळ घातली नव्हती. जाणाऱ्याची पूजा करत नाहीत आमचे डॉक्टर, तोंडाने मात्र सांगत नाहीत.

सर्व्हर बाहेर जातोय. मग सगळीच ये-जा बाहेरून. मग राउटरच लागणार. कल्याणवाल्याने तेच तर विचारलं होतं, मी ऐकून सोडून दिलं.

२ ऑक्टो. दसरा.

सचिन सोनं द्यायला आला. स्वयंपाकघरात गाठला. "सर्व्हर कुठे नेतायत?"

आपट्याची पानं हातात तशीच. "वहिनी, मी डॉक्टरांना शब्द दिलाय."

"आणि मला?"

"म्हणून तर राउटर लिही म्हणतोय ना. स्विच लिहिलास तर म्हणतील, बाईंना पुढचं दिसत नाही." मग हळूच, "शीळफाट्याला जागा बघितलीय. बाहेरची कंपनी सांभाळणार."

"मी कुठे त्यात?"

"ते मला खरंच माहीत नाही."

इतके दिवस चोर समजत होते. चोर नाही, ताकाला जाऊन भांडं लपवणारा आहे. पण राग गेला नाही, नुसता सरकला. त्या रॅकचा पहिला स्क्रू मी आवळलाय. आणि माझ्या पाठीमागे दुकानदाराला माहीत, मला नाही.

भीती वाटते. या वयात दुसरीकडे कोण घेणार... लिहून टाकलं एकदाचं.

४ ऑक्टो., शनि.

शिफारस लिहायला बसले. स्विच लिहिलं तर आजचं खरं, पण उद्या मी मूर्ख ठरणार. राउटर लिहिलं तर माझ्याच हाताने माझी खोली रिकामी करून दिली. कागद तसाच कोरा ठेवला. आईंनी विचारलं, डोकं दुखतंय का. हो म्हटलं.

६ ऑक्टो., सोम.

कागद दिला. सर्व्हर इमारतीत राहणार असेल तर स्विच, बाहेर जाणार असेल तर राउटर. कुठे राहणार ते कृपया कळवावे. बस, एवढंच लिहिलं.

डॉक्टरांनी वाचलं, चष्मा काढला. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

सचिनचं नाव घेतलं नाही. "यंदा माळ वर आली नाही, सर."

चष्मा पुसून परत घातला. मग, "अहो, अजून नक्की काहीच नाही. तूर्त दोन्हीची कोटेशनं मागवून ठेवा."

"आणि माझं?"

"बघू."

घरी आले. चपला काढतेय तोच अजित, "काय म्हणाले डॉक्टर?"

आज डॉक्टरांकडे जाणार हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. सचिनलासुद्धा नाही. सकाळी निघताना कागद पर्समध्ये घातला तोही दार लावून. म्हणजे यालाही सगळं माहीत होतं, पेपरात डोकं घालून बसला होता तेव्हापासून.

त्याच्याकडे बघत उभी राहिले. तो माझ्याकडे. आतून आईंनी विचारलं, चहा टाकू का. टाका म्हटलं.